बंद पडलेल्या खाणी पाहायला जाताना

‘केजीएफ’ चित्रपटाने कोलारच्या सोन्याच्या खाणींचे नाव घराघरांत पोहोचवले आणि भटकंतीची आवड असलेल्या अनेकांच्या मनात तेच ते प्रश्न उभे राहू लागले. खाण बंदच आहे, तर आत डोकावायला हरकत काय? सह्याद्रीतल्या गुहेत जातो तसे खाणीत जाता येणार नाही का? परवानगी लागते का, आणि ती द्यायची कोणी? ब्रिटनमध्ये लोक हा छंद उघडपणे जोपासतात, मग आपल्याकडेच एवढी भीती कशाला? या प्रश्नांचे थोडक्यात उत्तर असे: जुन्या खाणी पाहण्याचा छंद जरूर धरा, त्यात आयुष्यभर पुरेल एवढे पाहण्यासारखे आहे, पण जी खाण आज कोणीच सांभाळत नाही तिच्या तोंडातून आत पाऊल टाकू नका. हे उत्तर कशावर उभे आहे आणि त्यानंतर तुमच्यापुढे कोणते मार्ग उरतात, ते पुढे दिले आहे.

गुहा वेगळी, खाण वेगळी

बहुतेक गोंधळ या दोन गोष्टी एकच मानल्याने होतो. नैसर्गिक गुहेतले जे सैल होते, ते हजारो वर्षांत केव्हाच पडून गेलेले असते. खाणीचे तसे नसते. खनिज बहुधा भेगांच्या आणि कमकुवत पट्ट्यांच्या आधाराने साठलेले असते. माणूस नेमका त्याच पट्ट्यात सुरुंग लावत शिरतो आणि खडकाला आणखी तडे पाडतो. अशी जागा माणसाला वावरण्याजोगी राहते ती तिथे रोज होणाऱ्या कामामुळे. पंखे हवा ढकलत असतात, पंप पाणी उपसत असतात, कोणीतरी छत ठोकून त्याचा आवाज ऐकत असतो, कुजलेला टेकू बदलत असतो. खाण बंद होते म्हणजे फक्त खनिज काढणे थांबते असे नाही. ही सगळी राखणही थांबते. म्हणून खाण किती जुनी, किती भक्कम दिसते किंवा किती जण आधी जाऊन आले, हे प्रश्न दुय्यम आहेत. विचारायचा प्रश्न एकच: आज या खाणीची हवा, पाणी आणि छत कोण तपासते? या प्रश्नाला नाव-पत्त्यासह उत्तर मिळाले तर पुढचा विचार करा. उत्तर मिळाले नाही, तर निर्णय झालेलाच आहे.

राखण थांबली की आत काय होते

- हवा: मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे 20.9 टक्के असतो. बंद खाणीत कुजणारे लाकूड आणि गंधकयुक्त खनिजे तो शोषत राहतात. त्याची जागा नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेतात आणि दोन्हींना वास नसतो. प्राणवायू दहा टक्क्यांच्या आसपास उतरला की माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता कोसळू शकतो. बाहेरचा वायुदाब उतरला की जुन्या पोकळ्यांतले वायू वाटांवर येतात. त्यामुळे काल ठीक असलेली जागा आज ठीक असेलच असे नाही.
- पाणी: पंप थांबले की पाणी चढू लागते. झारखंडमधल्या चासनाला इथे 27 डिसेंबर 1975 रोजी जुन्या, पाण्याने भरलेल्या भागातले पाणी चालू खाणीत फुटले आणि सुमारे 375 कामगार गेले. राणीगंजच्या महाबीर कोळसा खाणीत नोव्हेंबर 1989 मध्ये असेच पाणी शिरले. जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कुपी खाली सोडून 65 जणांना वर काढले. दोन्ही ठिकाणी संकट आले ते सोडून दिलेल्या भागातून.
- छत: लाकडी टेकू बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून भुसा झालेला असतो. त्याला हात लावून खात्री करून घेणे हाच अपघात ठरू शकतो.
- पायाखालची जमीन: धातूच्या जुन्या खाणींत खनिज काढून झालेल्या पोकळीवर फळ्या टाकून त्यावर दगडमाती पसरलेली असते. वरून ती जमीनच वाटते. गुडघाभर पाण्याखाली सरळ खाली जाणारा शाफ्टही असू शकतो.
- स्फोटके: जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरते आणि ते जराशा धक्क्यानेही उडू शकते. डेटोनेटर तर बोटाएवढी निरुपद्रवी दिसणारी नळी असते. असे काही दिसले तर स्पर्श करू नका, आल्या वाटेने मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.

या यादीतला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो एका बळीवर थांबत नाही. विहिरीचा गाळ काढताना किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरताना एक जण पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या महाराष्ट्राला नवीन नाहीत. खाणीतही हेच घडते. फरक एवढाच की तिथे मदत पोहोचायला तासन् तास लागतात आणि मोबाइलची रेंज दगडाच्या पहिल्या वळणावरच संपते.

तुमच्यापुढचे चार मार्ग

पहिला मार्ग: सांभाळलेली खाण. खाणीच्या पोटात उतरण्याचा अनुभव हवा असेल, तर ज्या खाणींची राखण पर्यटकांसाठी चालू ठेवली आहे त्या निवडा. वेल्समधली बिग पिट ही कोळसा खाण 1980 मध्ये बंद झाली आणि 1983 मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. तिथे पाहुण्यांना पिंजऱ्यातून सुमारे 90 मीटर खाली नेतात. त्याआधी शिरस्त्राण आणि दिवा देतात आणि मोबाइल, घड्याळ, काड्यापेटी असे ठिणगी पाडू शकणारे सगळे काढून घेतात. चाळीस वर्षांहून अधिक काळ कोळसा न काढलेल्या खाणीतही ही शिस्त का पाळावी लागते, याचा विचार केला की ‘बंद म्हणजे निर्धोक’ हा समज टिकत नाही. पोलंडमधली व्येलिच्का मिठाची खाण 1978 पासून जागतिक वारसा यादीत आहे; तिथली पर्यटकांची वाट सुमारे 135 मीटर खोल जाते आणि शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा गुडघ्यांचा विचार करूनच तिकीट काढा. महाराष्ट्रात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि राज्य पर्यटन महामंडळ यांनी 2016 मध्ये नागपूरजवळच्या सावनेर आणि गोंडेगाव खाणींत पर्यटन सुरू केले. या चालू खाणी असल्याने फेऱ्या कामकाजावर अवलंबून असतात. निघण्याआधी फेरी सुरू आहे का, वयाची अट काय आणि ओळखपत्र कोणते लागते, हे विचारून घ्या.

दुसरा मार्ग: जमिनीवरची खाण. खाणीचा अर्ध्याहून अधिक इतिहास जमिनीवरच असतो, आणि तो पाहायला जीव धोक्यात घालावा लागत नाही. कोलारचेच घ्या. 1880 मध्ये जॉन टेलर अँड कंपनीने तिथे आधुनिक खाणकाम सुरू केले. चॅम्पियन रीफची खोली तीन किलोमीटरपलीकडे गेली. 1902 मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली. 2001 मध्ये भारत गोल्ड माइन्सने काम थांबवले. आज तिथले खोल भाग पाण्याखाली आहेत, म्हणजे आत जाऊन ‘सोन्याची खाण’ पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. पण बंगारपेठहून मारिकुप्पमकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलात, तर कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन ही स्थानकांची नावेच खाणींचा नकाशा सांगतात. साहेबांचे बंगले, कामगारांच्या चाळी, शाफ्टवरचे पोलादी मनोरे आणि गावाशेजारचे करड्या मातीचे डोंगर यांतून कोण कुठे राहत होते आणि कशाच्या जोरावर, ते कळते. मात्र हे डोंगर सोने वेगळे करून उरलेल्या, सायनाइडची प्रक्रिया झालेल्या चुऱ्याचे आहेत. त्यांवर चढू नका, मुलांना घसरगुंडी खेळू देऊ नका आणि वाऱ्याच्या दिवशी मास्क लावा. कंपनीच्या कुंपणाआड लेखी परवानगीशिवाय जाऊ नका.

राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेला असलेले जावर हे याहून जुने उदाहरण. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते. भट्टीत ते धातू म्हणून गोळा होण्याऐवजी वाफ होऊन निसटते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या बंद मातीच्या मुशींतून ती वाफ खाली उतरवून थंड करण्याची युक्ती साधली. 1980च्या दशकात हिंदुस्तान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून इथल्या भट्ट्या उजेडात आणल्या. वापरून टाकलेल्या मुशी रचून उभ्या केलेल्या भिंती तिथे जमिनीवरच दिसतात. हा सगळा भाग चालू खाणक्षेत्राला लागून आहे, म्हणून कंपनीच्या कार्यालयात विचारूनच पुढे जा आणि मुशीचा तुकडाही उचलू नका.

तिसरा मार्ग: कागदावरची खाण. ज्यांना इतिहासाची ओढ आहे, त्यांच्यासाठी हाच खरा खजिना आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालयही तिथेच. ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटियर आणि सर्वेक्षणाचे जुने अहवाल डिजिटल स्वरूपात वाचता येतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण 1906 मध्ये बंद झाली. तिचा शोध घ्यायचा असेल तर सुरुवात जमिनीत नव्हे, त्या काळच्या चांदा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये करा. कोलारचा एक धागा तर थेट मुंबईला येऊन मिळतो: टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर 1965 मध्ये याच खाणीच्या खोलीत वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांची नोंद केली. तेवढ्या जाडीचा खडक डोक्यावर असल्यानेच ते शक्य झाले.

चौथा मार्ग: संघटित गटाबरोबर. हा मार्ग प्रामुख्याने ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. तिथे खाण-इतिहासाच्या संस्थांची ‘नामो’ नावाची राष्ट्रीय संघटना आहे आणि अनेक ठिकाणी जमीनमालकाशी करार करून संस्थाच दाराची किल्ली सांभाळतात. ब्रिटिश केव्हिंग असोसिएशनच्या सदस्यत्वात इतरांना होणाऱ्या हानीचा विमा मिळतो. अडचण आली तर 999 लावून आधी पोलीस आणि मग ‘केव्ह रेस्क्यू’ मागायचे, हे तिथल्या प्रत्येक सदस्याला पाठ असते. नवख्याने संस्थेच्या अनुभवी प्रमुखाशिवाय जाऊ नये.

परवानगी कशी मिळवायची

1. जमीन कोणाची ते काढा. महाराष्ट्रात सातबारा उतारा पाहा. वनजमीन असेल तर वन विभाग, अभयारण्य असेल तर त्याचे स्वतंत्र नियम लागू होतात.
2. खाणपट्टा कोणाकडे आहे ते विचारा. जमीन एकाची आणि खनिजाचा पट्टा दुसऱ्याकडे असू शकतो. महाराष्ट्रात जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि गोव्यात पणजीचे खाण व भूगर्भ संचालनालय यांच्याकडे ही माहिती मिळते.
3. संरक्षित वास्तू आहे का ते तपासा. असल्यास केंद्रीय किंवा राज्य पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते.
4. अर्ज लेखी करा. तारीख, माणसांची नावे, कुठपर्यंत जाणार आणि छायाचित्रण करणार का, हे सगळे लिहा. उत्तरही लेखी घ्या.

यात सर्वांत जास्त चूक होते ती रखवालदाराच्या ‘जा की’ला परवानगी समजण्यात. त्याला ती देण्याचा अधिकार नसतो आणि अपघात झाला तर नोकरी त्याची जाते. विनापरवाना शिरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली कारवाई होऊ शकते. लोखंड, खनिज किंवा अवजार उचलले तर प्रकरण चोरीवर जाते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, तेव्हा ‘आठवण’ म्हणून आणलेला दिवा घरात ठेवण्याआधी दोनदा विचार करा. परवानगी मिळाली, तरी ती फक्त शिरण्याची असते. आतल्या हवेची हमी त्या कागदात नसते.

आपल्याकडचा जवळचा धोका: पाण्याने भरलेल्या उघड्या खाणी

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या बहुतेक वाचकांची गाठ भूमिगत बोगद्यांशी पडणार नाही. ती पडेल दगडखाणींशी आणि लोहखनिजाच्या उघड्या खाणींशी. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांवरचे काम थांबले, आणि थांबलेल्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साठते. वरून हे हिरवे-निळे पाणी सुंदर दिसते आणि छायाचित्रांसाठी गर्दी होते. पण तळ्याला उतार असतो, खाणीला कडा असतो. पहिल्या पावलाला घोटाभर आणि दुसऱ्या पावलाला पुरुषभर पाणी लागू शकते. काठ मातीच्या भरावाचा असेल तर तो पावसाळ्यात सुटतो. म्हणून काठापासून लांब उभे राहा, पोहायला उतरू नका आणि सेल्फीसाठी मागे सरकू नका.

नेहमी घेतले जाणारे आक्षेप

‘गावातली पोरे रोज आत जातात, ती वाट दाखवतील’ हा पहिला आक्षेप. त्यांना वाट माहीत असते, हे खरे. पण हवा वाटेप्रमाणे एका जागी राहत नाही. शंभर वेळा सुखरूप परत येणे हा शंभर वेळा हवा बरी होती याचा पुरावा आहे, पुढच्या वेळी ती बरी असेल याचा नव्हे. दुसरा आक्षेप उपकरणांचा: ‘आमच्याकडे गॅस डिटेक्टर आहे.’ चार वायू मोजणारे यंत्र उपयोगी असते, पण ते वेळोवेळी प्रमाणित केलेले हवे, आणि तरीही ते तुम्ही उभे असलेल्या जागेची या क्षणाची हवा सांगते. साचलेले पाणी तुमच्याच पायांनी ढवळले की त्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड वर येतो. यंत्र वाजेपर्यंत तुम्ही त्या हवेतच असता. शिवाय टेकू आणि फळ्या तपासणारे यंत्र कोणाच्याही खिशात नसते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणी आत गेलेच नाही तर या खाणींचा इतिहास नोंदवणार कोण? ब्रिटनमधल्या हौशी संशोधकांनी खाणींचे नकाशे, अवजारे, भिंतींवरची अक्षरे यांची मोलाची नोंद केली आहे, हे मान्यच करावे लागते. पण ती नोंद शक्य झाली ती एकट्यादुकट्याच्या धाडसातून नव्हे. दाराला कुलूप, किल्लीची वही, जमीनमालकाशी करार, विमा आणि हाकेला धावणारी बचाव पथके, म्हणजे थांबलेल्या राखणीचा काही भाग तिथल्या लोकांनी स्वतःच्या अंगावर घेतला. तरीही सगळे त्यांच्या हातात नसते. कॉर्नवॉलच्या व्हील जेन खाणीतले पंप बंद झाल्यावर जानेवारी 1992 मध्ये धातूंनी भरलेले आम्लयुक्त पाणी फुटून थेट नदीत आणि खाडीत पसरले. आपल्याकडे असा छंद रुजवायचा असेल, तर सुरुवात आत शिरण्यापासून करून चालणार नाही. आधी संस्था, करार आणि बचावाची सोय उभी करावी लागेल.

निघण्याआधीची तयारी

- कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरच्यांना लेखी कळवा. वेळ टळली तर कोणाला फोन करायचा तेही लिहून द्या.
- भारतात आणीबाणीसाठी 112 हा क्रमांक आहे. तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच टिपून ठेवा.
- जमिनीवरच फिरणार असलात तरी पक्के बूट घाला. गवतात झाकलेले शाफ्ट असू शकतात. मळलेली वाट सोडू नका आणि पावसाळ्यात जाऊ नका.
- कोणी खड्ड्यात पडले किंवा आत कोसळले तर मागोमाग उतरू नका. बाहेरूनच मदत बोलवा.
- आडव्या बोगद्यांत वटवाघळांची वस्ती असते. तोंडाशी उभे राहून दिवे किंवा फ्लॅश मारू नका.

तुमचे हक्क

तिकीट काढून जाता तेव्हा शिरस्त्राण, दिवा, माहीतगार वाटाड्या आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट यांबद्दल विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर पटले नाही तर दारातूनच परत फिरा. हमीपत्रावर सही केली म्हणून आयोजकाच्या निष्काळजीपणाची फौजदारी जबाबदारी संपत नाही. खाण बंद करताना कोणता आराखडा मंजूर झाला आणि कुंपण घालणे कोणाचे काम होते, हे माहिती अधिकाराखाली विचारता येते. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत साधारणपणे 30 दिवसांची. रस्त्यालगत किंवा वहिवाटीच्या जागेजवळ उघडा शाफ्ट अथवा खड्डा दिसला, तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली असा खड्डा कुंपण घालून बंद करण्याचा आदेश ते देऊ शकतात. अर्जासोबत लांबून काढलेले छायाचित्र, गट क्रमांक आणि जवळच्या वस्तीचे अंतर द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. जी राखण थांबली आहे, ती निदान तोंडापाशी तरी पुन्हा सुरू व्हावी यासाठी सामान्य नागरिकाला करता येण्याजोगे हेच काम आहे, आणि त्यासाठी आत उतरण्याची गरज पडत नाही.